नानांचं तळं आणि जांभ्याचा चुरा

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टला 'पाण्यातील फॉस्फेट काढण्यासाठी स्वस्त अधिशोषक' हा विषय मी घेतला तो काही पर्यावरणाच्या कळवळ्यापोटी नाही. विषयांची यादी लागली त्या दिवशी मी वडूजला होतो. परत येईपर्यंत पुलाचे, काँक्रीटचे, सॉफ्टवेअरचे सगळे विषय संपले होते. उरलं ते माझ्या नशिबी आलं. रूमवर सगळे म्हणाले, "आता वर्षभर गटाराचं पाणी हुंगत बस." आणि अगदी शब्दशः तसंच झालं.

पण ऑक्टोबरमध्ये एका पहाटे फोन आला आणि विषय एकदम घरात येऊन बसला. फोन नानांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. आमच्या शिवारात एक पाझर तलाव आहे. त्यात मासे सोडायचा ठेका नानांनी घेतला होता. बीज आणायला सोसायटीचं कर्ज काढलेलं. कटला, रोहू, मृगळ सोडलेले, आणि चांगले हाताएवढे झालेले. पहाटे साडेपाचला नाना फोनवर ओरडत होते, "आरं, मासं समदी वर आल्यात! त्वांड उघडून नुसती वरवर करत्यात. निम्मी तर पालथी पडल्यात. तू पाण्याचंच शिकतुयास न्हवं? काय औषिद टाकू, बिगीनं सांग!"

मला त्या वेळी लँगम्युअरचं समीकरण तोंडपाठ होतं. औषध मात्र एकही आठवेना. शेवटी धीर करून गाइड सरांना फोन लावला. सर झोपेतून उठले, पण रागावले नाहीत. म्हणाले, "औषध-बिवषध काही टाकू नका म्हणावं. इंजिन लावा, तळ्याचंच पाणी उपसून उंचावरून परत तळ्यातच पडू द्या, आणि माशांचं खाद्य बंद करा." नानांनी तसं केलं. जे तरंगत होते ते गेले, काही वाचले. कर्ज मात्र पूर्ण राहिलं.

आता माशांना झालं काय होतं? दोन दिवस आभाळ गच्च, वारा पडलेला. तळं महिनाभर हिरवंगार होतं आणि नानांना वाटत होतं, पाणी हिरवं म्हणजे माशांना खायला भरपूर! ते अगदीच खोटं नाही, थोडं शेवाळ माशांना लागतंच. पण ही हिरवळ प्रमाणाबाहेर वाढली की दिवसा उन्हात ती ऑक्सिजन सोडते आणि रात्री माशांसारखीच श्वास घेते. रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. आभाळ असलं की दिवसाची कमाईही नाही. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. विष कोणी टाकलेलं नसतं, श्वास कोंडलेला असतो. (गावात मात्र 'कुणीतरी टाकलं' ही चर्चा आठ दिवस रंगली आणि दोन भावक्यांत बोलणं बंद झालं, ते आजही बंद आहे.)

आणि ही हिरवळ एवढी माजते कशावर? इथे फॉस्फरस येतो. झाडाझुडपांना नत्र लागतो, कार्बन लागतो, पण ते हवेतूनही मिळू शकतात. काही निळे-हिरवे शेवाळ तर हवेतला नत्र स्वतःच बांधून घेतात. फॉस्फरसची अशी सोय नाही. तो हवेत वायुरूपात नसतो, दगडातून नाहीतर कुणाच्या तरी पोटातून किंवा पोत्यातूनच यावा लागतो. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओत डेव्हिड शिंडलर यांनी एक साधाच पण जबरदस्त प्रयोग केला. एका तळ्याच्या मधोमध पडदा ताणून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातला, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो आमच्या सरांच्या पहिल्याच स्लाइडवर आहे. तोपर्यंत साबण कंपन्यांची बाजू घेणारे लोक कार्बनवर खापर फोडत होते. त्या एका फोटोने वाद बराचसा मिटवला.

हे आपल्या भाषेत, म्हणजे पोत्यात मोजून बघू. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं. त्यातले ४६ टक्के म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड. त्यात निव्वळ फॉस्फरस ०.४४ पट, म्हणजे पोत्यात साधारण १० किलो फॉस्फरस. शेवाळाच्या शरीरात कार्बन, नत्र, फॉस्फरस यांचं प्रमाण सरासरी १०६:१६:१ धरतात (अणूंच्या संख्येत). त्यावरून हिशोब केला तर १ ग्रॅम फॉस्फरसवर १०० ग्रॅमहून जास्त कोरडं शेवाळ उभं राहतं. म्हणजे एका पोत्यावर टनभर! आणि तळं 'सुपोषित', म्हणजे हिरवं व्हायच्या लायकीचं, कधी म्हणायचं? लिटरला ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला की, असा एक रूढ मापदंड आहे. १० किलोला त्याने भागा. उत्तर येतं सुमारे २८ कोटी लिटर, म्हणजे जवळजवळ १० दशलक्ष घनफूट. अख्ख्या पाझर तलावाला एक पोतं पुरतं. अर्थात सगळं पोतं तळ्यात जात नाही. बराचसा फॉस्फरस मातीच धरून ठेवते, आणि नेमकं हेच आपल्या पुढच्या गोष्टीचं गमक आहे.

आमच्या खटाव तालुक्याला दुष्काळी म्हणून सगळे ओळखतात. पण उरमोडीचं पाणी कालव्याने आल्यापासून काही पट्ट्यात ऊस दिसायला लागला, ऊस आला की पोती आली. त्यात तळ्याच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली आणि तिचं मोरीचं, गोठ्याचं पाणी एका ओघळीतून थेट तळ्यात येतं. माणूस दिवसाला साधारण १ ते दीड ग्रॅम फॉस्फरस शरीराबाहेर टाकतो, त्यात धुण्याची पावडर आणि शेण-मूत वेगळं. हे काही वडूजचंच दुखणं नाही. कोल्हापूरच्या मित्रांना रंकाळ्याबद्दल मी काय सांगावं? नाल्यांतून शहराचं सांडपाणी येत राहिलं, कधी केंदाळाने तळं झाकलं, कधी पाण्यावर हिरवी साय धरली, आणि संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. ती साय नुसती दिसायला घाण नसते. त्यातल्या मायक्रोसिस्टिस नावाच्या जातीत यकृताला घातक विष तयार होऊ शकतं. ते पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ सालीच सांगून ठेवलंय. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावात असंच पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. आणि हॉस्टेलकरांनो, हे लांबचं समजू नका. आमच्या वडूजवरून वाहणारी येरळा खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे सांगलीला येते. म्हणजे पावसाळ्यात का होईना, आमच्या गावचं पाणी तुमच्या बादलीत आहे.

आता विषयाकडे वळतो. अधिशोषण आणि शोषण यांत लोक गोंधळ करतात, व्हायव्हात तर हमखास. मेसची चपाती रस्सा पिते (आपली मात्र पीत नाही, ते वेगळं) ते शोषण. रस्सा चपातीच्या पोटात गेला. अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर चिकटणं. आमच्याकडे माळावरून चालत गेलं की पँटला कुसळं चिकटतात, तसं. कुसळ कापडाच्या आत विरघळत नाही, जागा मिळेल तिथे अडकून बसतं. आणि पँटला जागा मर्यादितच असतात, सगळ्या भरल्या की नवीन कुसळ खाली पडतं. लँगम्युअरने १९१०च्या दशकात मांडलेला सिद्धांत मुळात एवढाच आहे, आपण त्याला उगीच घाबरतो.

पण सगळीच कुसळं सगळ्याच कापडाला चिकटत नाहीत. मला आधी वाटायचं, ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे सगळ्यावर रामबाण. फॉस्फेटला तो जवळपास निकामी ठरतो. कार्बनला वास, रंग, तेलकट सेंद्रिय पदार्थ आवडतात. फॉस्फेट म्हणजे ऋणभाराचा, पाण्यात सुखाने राहणारा आयन. त्याला आवडतं लोह आणि ॲल्युमिनियम. गंजाच्या पृष्ठभागावर लोहाला चिकटलेले हायड्रॉक्सिल गट असतात. फॉस्फेट येतो, त्या हायड्रॉक्सिलला ढकलून बाहेर काढतो आणि त्याच्या जागी स्वतः थेट लोहाला हात घालतो. नुसतं विद्युत आकर्षण नाही, खरा रासायनिक बंध. म्हणूनच पाण्यात नायट्रेट, क्लोराइड, सल्फेट भरपूर असले तरी ते फारसे आड येत नाहीत. ते पँटवरच्या धुळीसारखे, झटकले की गेले. आड येतो तो सिलिकेट, आर्सेनेट आणि कुजक्या पानांचा सेंद्रिय अर्क, कारण त्यांनाही लोहाच्या त्याच जागा हव्या असतात. आणि पीएच वाढला की काम बिघडतं, कारण पाण्यात हायड्रॉक्सिल वाढले की ते आपली जागा सोडायला तयार होत नाहीत, शिवाय पृष्ठभागही ऋणभारित होत जातो.

म्हणजे आपल्याला लोह-ॲल्युमिनियमने भरलेलं, स्वस्त, जवळ मिळणारं काहीतरी हवं. आणि त्यासाठी महाराष्ट्रासारखा प्रांत नाही! पाचगणीचं टेबललँड ज्या खडकाचं आहे तो जांभा. अख्खं कोकण ज्या चिऱ्यांच्या भिंतीत राहतं तोही जांभा. लाखो वर्षं पाऊस पडून बेसॉल्टमधलं बाकी सगळं धुऊन गेलं आणि लोह-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये मलबारात असला खडक पाहून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. त्याच कुळातलं बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीकडे दुर्गमानवाडीला निघतं. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढून घेतल्यावर जो लाल चिखल उरतो तोही फॉस्फेटवर चांगला चालतो, असं जगभरच्या अभ्यासांत आहे. पण तो कमालीचा अल्कधर्मी असतो, आधी आम्लाने किंवा भरपूर पाण्याने नमवावा लागतो. तेवढी झंझट आम्हाला नको होती.

आमची पार्टनर मंडळी कामाला लागली. राजापूरच्या रूममेटने सुट्टीवरून येताना चिऱ्याचे दोन तुकडे बॅगेत घालून आणले (एस.टी.च्या कंडक्टरने लगेज लावलं!). वर्कशॉपमधून लेथवरचा लोखंडी चुरा आणून मिठाच्या पाण्यात गंजवला. साखर कारखान्यावरून बगॅसची राख आणली. मी वडूजहून माळाचा मुरूम आणि शेतातली काळी माती आणली. सगळं कुटून, चाळून, धुऊन, वाळवून डब्यात भरलं. लिटरला ५ मिलिग्रॅम फॉस्फरसचं द्रावण करायचं, त्यात १० ग्रॅम माल टाकायचा, हलवत ठेवायचं आणि ठरावीक वेळाने गाळून मोजायचं. मोजायची रीत फार देखणी आहे. अमोनियम मॉलिब्डेट, थोडं अँटिमनीचं मीठ आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी, घातलं की फॉस्फेट असेल तर पाणी निळं होतं. जितका फॉस्फेट तितकं गडद. मर्फी आणि रायली यांची १९६२ची पद्धत, आजही तीच.

पहिले दोन आठवडे आमचं सगळंच निळं येत होतं. जांभा निळा, राख निळी, आणि ज्यात काहीच नाही ते डिस्टिल्ड वॉटरही निळं! केमिकल जुनं म्हणून नवीन आणलं, तरी निळं. सर एकदा येऊन शांतपणे म्हणाले, "फ्लास्क कशाने धुता?" आम्ही अभिमानाने धुण्याची पावडर दाखवली. ज्या फॉस्फेटला शोधायला निघालो तोच रोज काचेला चोळत होतो. त्या दिवसापासून सगळी काच विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायची, साबण वर्ज्य. मागचे दोन आठवडे मात्र वहीतून फाडून टाकावे लागले. ज्युनिअर्सनो, या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा.

पुढे निकाल लागत गेले. बगॅसची राख जवळपास नापास, ती मुख्यतः सिलिका आणि न जळलेला कोळसा, दोघांनाही फॉस्फेटशी देणंघेणं नाही. काळ्या मातीत चुनखडी असल्याने तिने थोडं धरलं, पण ती गाळणीत इतकी चिकट बसते की पाणीच पुढे जात नाही. गंजलेला लोखंडी चुरा पहिल्या नंबरचा, जांभा दुसऱ्या, पण जांभा कुटायला सोपा आणि पाणी लाल करत नाही. आम्ही जांभा धरला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेल्या द्रावणाचा रंग जांभ्यानंतर इतका फिका यायचा की आम्ही नोव्हेंबरातच पार्टी केली.

मग मी दिवाळीहून येताना नानांच्या तळ्याचं पाणी कॅनमधून आणलं. मायणीच्या तळ्याकडेने एस.टी. येते, तिथे रोहित बघायला थंडीत लोक दुर्बिणी घेऊन येतात, आणि मी मांडीवर हिरव्या पाण्याचा कॅन घेऊन बसलेलो. त्या पाण्यात जांभा टाकला आणि आमची पार्टी उतरली. तोच माल, तेवढाच वेळ, पण रंग पुष्कळच गडद राहिला. कारण उघड होतं. तळ्याच्या पाण्यात सिलिकेट होतं, शेवाळाचा अर्क होता, आणि शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच नवाच्या आसपास. पेपरात आणि पावडरच्या डब्यावर जी क्षमता लिहितात ती बऱ्याचदा स्वच्छ पाण्यातली असते. खरं पाणी आणलं की खरी गोष्ट कळते.

आता तो हिशोब, जो मी नानांना समजावून सांगायला घरी गेलो आणि सांगताना मलाच समजला. धरूया की तळ्यात २ दशलक्ष घनफूट पाणी आहे, म्हणजे साधारण ५६,६०० घनमीटर. त्यात फॉस्फरस लिटरला ०.३ मिलिग्रॅम, तो ०.०३ वर आणायचा. काढायचा फॉस्फरस झाला सुमारे १५ किलो. जांभ्याची कमाल क्षमता ग्रॅमला १ मिलिग्रॅम धरली तर साधा भागाकार सांगतो, १५ टन जांभा. दीड ट्रक! नाना खूश. "मग आणू की उद्याच. कोकणातनं येताना रिकामी गाडी असतीय कुणाची तरी."

चूक कुठे आहे? कमाल क्षमता पाण्यात भरपूर फॉस्फेट असतानाची असते. तळ्यात टाकलेला जांभा शेवटी ०.०३ च्या पाण्याशी समतोल साधणार. माळावर कुसळंच विरळ असतील तर पँट भरणार कशी? लँगम्युअरचा स्थिरांक लिटर प्रति मिलिग्रॅम २ धरला, तर ०.०३ वर जांभा आपल्या क्षमतेच्या जेमतेम साडेपाच टक्के वापरतो. १५ टनाचे झाले २७० टन. दहा टनांच्या २७ गाड्या, तळ्यात ओतायच्या. मग तळं उरलंच कुठे? नाना बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हंजी तळ्यात टाकून भागायचं न्हाई. येतंय तिथंच धरलं पायजे." मित्रहो, हे वाक्य आमच्या रिपोर्टच्या चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष आहे. आम्हाला त्याला अठरा पानं लागली.

कारण तोच स्थिरांक वापरून ओघळीच्या पाण्याचं बघा. तिथे फॉस्फरस लिटरला ५ मिलिग्रॅम असला आणि पाणी जांभ्याच्या थरातून वाहत नेलं, तर आत शिरतानाचा थर ५ च्या पाण्याशी समतोल साधतो आणि क्षमतेच्या ९० टक्के भरतो. मग पुढचा थर, मग त्यापुढचा. तोच दगड, पण तळ्यात टाकला तर साडेपाच टक्के आणि नाल्याच्या तोंडावर ठेवला तर नव्वद. ओघळीतून दिवसाला १०० ग्रॅम फॉस्फरस येतो असं धरलं तर दिवसाला ११० किलो जांभा लागेल, वर्षाला ४० टन. तेही थोडं नाही, पण ते २७ गाड्या तळ्यात बुडवण्यासारखं वेडेपणाचं नाही. आणि भरलेला जांभा शेतात पसरता येतो, त्यातला फॉस्फरस मुळं हळूहळू का होईना काढून घेतात.

"तुरटी का नको?" असं मेसमध्ये एका मेकॅनिकलवाल्याने विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे. तुरटी पाण्यात पडली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे ताजे, कापसासारखे पुंजके होतात आणि ताज्या पुंजक्यांची भूक जांभ्यापेक्षा कितीतरी जास्त. १५ किलो फॉस्फरसला कागदावर दीडशे किलो तुरटी पुरते, प्रत्यक्षात तिच्या कित्येक पट. तरीही जांभ्यापुढे ती स्वस्तच. परदेशात तळ्यांना तुरटी देतात. पण ती पाणी आम्ल करते, आणि पीएच फार खाली गेला तर ॲल्युमिनियम माशांनाच बाधतं. उलट हिरव्या तळ्यात दुपारी पीएच नवाच्या वर असताना टाकली तर पुंजके पुन्हा विरघळायला लागतात. मासे पाळलेल्या तळ्यात हा खेळ जाणत्यानेच करावा. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने १९९०च्या दशकात बेंटोनाइट मातीत लँथेनम बसवून एक माल काढला. त्यातला एकेक लँथेनम एकेक फॉस्फेट असा घट्ट धरतो की तळातला ऑक्सिजन संपला तरी सोडत नाही. १०० किलोला १ किलो फॉस्फरस असं त्याचं ढोबळ माप. उत्तम माल आहे, पण आमच्या वडूजच्या बाजारपेठेत तो कुठल्या दुकानात मागायचा?

जानेवारीत आम्ही चौघे वडूजला गेलो आणि ओघळीच्या तोंडावर एक जुनी प्लॅस्टिकची टाकी बसवली. खाली खडी, वर जांभ्याचा जाड चुरा (बारीक घेतला तर पृष्ठभाग जास्त पण पाणी तुंबतं, जाड घेतला तर उलट, ही भांडणं आम्ही बांधावर बसून केली). चुलतीने भाकरी, पिठलं, ठेचा पाठवला. राजापूरकराने आयुष्यात पहिल्यांदा एवढी कोरडी जमीन पाहिली. पहिल्या आठवड्यात बाहेर येणाऱ्या पाण्याची बाटली जवळजवळ बिनरंगी आली. नानांनी ती चार लोकांना नेऊन दाखवली.

तिसऱ्या आठवड्यात टाकी तुंबली. जांभा भरला म्हणून नाही, त्याला अजून पुष्कळ जागा होती. चुऱ्याच्या वरच्या चार बोटांवर साबणाचा मळ, शेणाचा चोथा आणि बुळबुळीत थर बसला होता. पाणी टाकीवरून वाहून पुन्हा तळ्यात. आमच्या प्रोजेक्टमध्ये 'गाळ आधी बसवा' हे एक ओळ होतं, ते पहिलं प्रकरण असायला हवं होतं. मग नानांनीच टाकीच्या अलीकडे खड्डा खणला आणि त्यापुढे वाफा करून हत्तीगवत लावलं. गाळ खड्ड्यात बसतो, गवत फॉस्फरस खातं, म्हैस गवत खाते. (म्हशीचं शेण कुठे जातं हे विचारू नका, त्यावर आमची अजून चर्चा चालू आहे.) टाकीतला वरचा थर दर पंधरा दिवसांनी फावड्याने काढायचा, हे काम चुलतीकडे आलं, तिला न विचारता. तिने ते ऐकवलंही.

एक बाटली मात्र मला अजून सतावते. नोव्हेंबरात तळ्याच्या तळचा चिखल आणि वर स्वच्छ पाणी अशी एक बाटली बुच घट्ट लावून मी खोलीत कपाटामागे ठेवली होती आणि विसरलो. फेब्रुवारीत सापडली. उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, रूममेट बाहेर पळाले. ते पाणी गाळून तपासलं तर इतकं गडद निळं की मोजण्यासाठी अनेक पट पातळ करावं लागलं. १९४१-४२ मध्ये इंग्लंडात मॉर्टिमर यांनी हेच दाखवलं होतं. चिखलातला फॉस्फेट लोहाला धरून बसलेला असतो, ऑक्सिजन असेपर्यंत. तो संपला की तिहेरी भाराचं लोह दुहेरी होऊन विरघळतं आणि हात सुटतो. म्हणजे वरून येणारं सगळं उद्या थांबलं तरी वर्षानुवर्षांचा साठा तळाशी पडून आहे आणि दर उन्हाळ्यात तो थोडाथोडा वर येणार. आमच्या जांभ्याचं लोहही याला अपवाद नाही, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात टाकलं तर तेही सोडेल. याला ॲल्युमिनियम किंवा लँथेनम चालतं, नाहीतर उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळ उपसून शेतात नेणं.

हे मी नानांना सांगितलं. या वर्षी त्यांनी बीज कमी सोडलंय, इंजिन तळ्यावरच ठेवलंय, आणि मे महिन्यात गाळ काढायला ट्रॅक्टर सांगून ठेवलाय. गाळ कुणाच्या रानात टाकायचा यावर भावकीत वाद आहे, सगळ्यांनाच हवाय. मी दर वेळी येताना तीन बाटल्या आणतो, ओघळीची, टाकीनंतरची आणि तळाची. सबमिशन झालंय, मार्क लागलेत, तरी आणतो, कारण नाना शनिवारी फोन करून विचारतात. गेल्या खेपेला ओघळीची निळी आली, टाकीनंतरची फिकट, तळाची सगळ्यात गडद. तसं सांगितलं तर म्हणाले, "बरं. मग ट्रॅक्टर दोन दिस जास्त सांगतू."